मोक्रानदादांची काठवट

माझा नवरा गेला आणि मी कुसकुस करणं सोडलं. कुणी विचारलं तर सांगायची, गुडघे उभं राहू देत नाहीत. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. मला कंटाळा आला होता. लहानपणी आईनं काठवटीपुढे बसवलं तेव्हापासून माझे हात रव्यातच होते, त्याचे दाणे वळत आणि वाफवत. शुक्रवार आला की कुसकुस, बारसं आलं की कुसकुस, मयत उठलं की कुसकुस. आता एकटीला काय लागतं? पावाचा तुकडा, चार ऑलिव्ह, पेलाभर दूध. संध्याकाळी घासायला भांडं एकच. त्या एका भांड्याचं सुख मी कुणाला बोलून दाखवलं नाही, पण ते होतं.

अशात एक दिवस मोक्रानदादा दारात येऊन उभे राहिले.

मोक्रानदादा म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, शाभाचे, यजमान. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी फ्रान्समध्ये, लियाँजवळच्या एका कारखान्यात काढली. आमच्या डोंगरातले निम्मे पुरुष तसेच. उन्हाळ्यात महिनाभर गावी यायचे, सगळ्यांना साबण आणि चॉकलेटं वाटायचे आणि परत जायचे. कायमचे आले ते केस गेल्यावर. मग म्हातारपणी दोघं नवराबायको त्या घरात एकत्र राहिली, आणि या हिवाळ्याच्या तोंडाला शाभा गेली.

"बसा दादा, कॉफी ठेवते," मी म्हटलं.

"कॉफी नको. मला कुसकुस शिकव."

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. थट्टा नव्हती. गालफडं बसली होती आणि कोटाला आतून कुणी धरलेलंच नाही असं वाटत होतं.

"कुणासाठी?"

"माझ्यासाठी. जुहर मला न्यायला येतेय."

जुहर त्यांची एकुलती मुलगी. लग्न होऊन राजधानीत, अल्जीयर्सला असते, उंच इमारतीत, पाचव्या मजल्यावर. मशिदीच्या पायऱ्यांवर दादांना चक्कर आली होती ते कुणीतरी तिला कळवलं होतं. तिनं फोनवर विचारलं, "बाबा, जेवता काय?" यांनी सांगितलं, अंडी. ती म्हणाली, "आणि काल?" काल डब्यातले मासे. झालं. ती म्हणाली, सामान भरून ठेवा. मग यांनाही राग आला. म्हणाले, "वसंतातल्या गावजेवणाला ये. माझ्या घरची काठवट चावडीवर दिसली नाही, तर मी आपल्या पायांनी चालत येऊन तुझ्या गाडीत बसेन."

आमच्याकडे वसंतात एका शुक्रवारी सगळं गाव एकत्र जेवतं. ज्या घरात चूल पेटते त्या घरची कुसकुसाची काठवट चावडीवर येते. एखाद्या घरची नाही आली तर कुणी काही बोलत नाही. पण ते घर मिटलं असं धरून चालतात. पुढे पाण्याच्या पाळीत, रस्त्याच्या कामात, कशातच त्या घराचं नाव निघत नाही.

"मीच करून देते," मी म्हटलं. "तुम्ही केलं म्हणून सांगा."

"जुहर पहिल्या घासाला ओळखेल. आणि शुक्रवार काय तो एकच येतो?"

मला नाही म्हणायचं होतं. खरंच सांगते, अगदी जिभेवर आलं होतं. पण म्हातारा माणूस दारात उभा, आणि तो शाभाचा. मी ओढणी घेतली आणि त्यांच्या मागून निघाले.

शाभाचं स्वयंपाकघर तिनं ठेवलं तसंच होतं, फक्त सगळ्यावर धूळ. काठवट खुंटीला, चाळणी खिळ्याला, खालचं पातेलं आणि वरचं भोकांचं भांडं एकात एक घालून कोपऱ्यात. रवा ओलवून, तळव्याखाली फिरवून त्याचे दाणे वळायचे, हे मी त्यांना शिकवायला घेतलं आणि दोन घटकांत सोडून दिलं. त्यांच्या हाताखाली बकरीच्या लेंड्या तयार होत होत्या. उन्हाळ्याच्या शेवटी शाभाच्या हट्टापायी मी तिच्यासोबत वळलेले, चादरीवर वाळवलेले दाणे माझ्याकडे पोतंभर होते. ते आणले. म्हटलं, आधी शिजवायला शिका.

शेजारची स्मीना भिंतीपलीकडे कपडे वाळत घालत होती. तिचे कपडे त्या दिवशी वाळत घालून संपेनात.

"दादा मोक्रान, डोक्याला रुमाल बांधा. केस पडतील त्यात."

"केस असते तर तुझ्याकडेच रुमाल मागितला असता, स्मीना."

"चावडीवर म्हणतायत, मोक्रानला म्हातारपणी सासू मिळाली."

"बरोबर म्हणतायत," मी म्हटलं. "आणि सून अगदी बिनकामाची आहे."

दादा हसले नाहीत. ते काठवटीतल्या दाण्यांकडे बघत होते. "किती पाणी?"

"पितील तितकं."

"तितकं म्हणजे?"

"शिंपडा, चोळा, थांबा. अजून मागतायत वाटलं तर अजून शिंपडा."

"कारखान्यात मला कुणी असं शिकवलं असतं तर आज बोटं नसती," ते म्हणाले.

तरी शिकत गेले. दाण्यांना आधी पाणी, मग तेलाचा हात. मग वरच्या भांड्यात भरायचे, दाबायचे नाहीत. खाली पातेल्यात रस्सा उकळतोय, त्याची वाफ वर दाण्यांतून निघाली की उतरवायचे, काठवटीत ओतायचे आणि गरम आहेत तोवर हातानं गुठळ्या फोडायच्या. मिठाचं पाणी शिंपडायचं, जरा झाकून ठेवायचं, परत वाफेवर. असं तीनदा. गुठळ्या फोडताना त्यांनी हात मागे घेतला.

"भाजतंय."

"भाजणारच. गार झालं की त्याचा दगड होतो."

"शाभा कधी बोलली नाही, भाजतं म्हणून."

मी माझे हात पुढे करून दाखवले. त्यांनी पाहिले आणि परत काठवटीत हात घातला.

माझ्यासमोर दोनतीनदा बरं जमलं. मग एका शुक्रवारी मी गेलेच नाही, अंथरुणातून उठवेना. दुपारी दादा झाकलेली थाळी घेऊन माझ्याकडे आले, रागावलेले.

"तू काहीतरी लपवून ठेवलंयस."

मी चव घेतली. दाणा बाहेरून चिकट, आत कच्चा. दाताखाली करकरत होता. "वाफ आली होती ना?"

"तासभर उकळत ठेवलं. वाफ वर येतच नाही, बाजूनंच जाते."

मला हसू आलं. खूप दिवसांनी आलं म्हणून असेल, थांबेना. "चिंधी बांधलीत?"

"कसली चिंधी?"

खालचं पातेलं आणि वरचं भांडं जिथे मिळतात तिथे फट राहते. पातळ कणकेत भिजवलेली एक चिंधी तिच्याभोवती गुंडाळायची, म्हणजे वाफ बाजूनं निसटत नाही. मी त्यांच्यासमोर दर वेळी गुंडाळली होती. पण बोलले नव्हते, कारण आपण ती गुंडाळतो हे माझंच मला माहीत नव्हतं. ओढणी सावरावी तसा हात आपोआप जायचा.

"म्हणजे इतके दिवस तू माझ्या डोळ्यांदेखत करत होतीस," ते म्हणाले.

"आणि तुम्ही इतके दिवस बघत होतात."

ते खाली बसले. बराच वेळ थाळीतला कच्चा दाणा बोटानं इकडचा तिकडे करत राहिले. मग म्हणाले, "बरं. चिंधी." आणि उठून गेले.

शिजवणं आलं तरी वास राहिला होता. त्यांना शाभाच्या कुसकुसाचा वास हवा होता. रोज नवं काहीतरी सुचायचं. दालचिनी वाढवून पाहिली, धण्याची पूड घातली, सुक्या पुदिन्यावर वाफवलं. दर वेळी एक घास खायचे, डोळे मिटायचे आणि मान हलवायचे.

"नाही. नाकात जायचं काहीतरी. जरा जळल्यासारखं. आणि मग गोड."

मला कळलं. "जुनं लोणी."

मीठ लावून, कढवून, मडक्यात मुरवत ठेवलेलं लोणी. ते जितकं जुनं तितकं नाकात जातं. वरचं वाफवून झालं की गरम दाण्यांवर त्याचा गोळा ठेवायचा आणि चोळायचा. माझ्याकडे तळाशी थोडं उरलं होतं. त्यातलं जरासं घातलं, कोकराचं मांस आणि काबुली चणे घालून रस्सा केला. दादांनी घास घेतला आणि पुढचा घेतलाच नाही. भिंतीकडे तोंड करून बसले. मी चुलीवरचं पातेलं विनाकारण हलवत राहिले.

"हेच," ते म्हणाले. "हेच आमच्या घरचं."

"हे ती तुम्ही यायचात तेव्हा करायची, दादा."

"तेच म्हणतोय मी. तेच करायची."

मी पुढे बोलले नाही. पाठ दुखत होती, आणि ते परत जेवू लागले होते. शाभा गेल्यापासून मी त्यांना पोटभर जेवताना पाहिलं नव्हतं.

गावजेवणाच्या शुक्रवारी जुहर आली. नवऱ्यानं गाडी चावडीपाशी लावली आणि तो तिथेच पुरुषांत बसला. ती वर घरी आली. तिच्या डोळ्यांखाली काळं होतं. पहाटे चारलाच उठून निघालो, म्हणाली. दादांची बॅग भरून ओट्यावर ठेवलेली होती. शब्दाला जागणारा माणूस. हरलो तर मुलीला थांबायला लागू नये म्हणून आदल्या दिवशीच भरली होती. जुहरनं बॅगेकडे पाहिलं, मग चुलीकडे.

"मावशी, तू हात लावलास?"

"मी बसलेय. बघ, चपलासुद्धा काढल्या नाहीत."

दादांनी तिसऱ्यांदा वाफवलेलं काठवटीत ओतलं, मोकळं केलं, लोणी चोळलं, डोंगर रचला, मध्ये खळगा करून मांस आणि चणे ठेवले, वरून रस्सा फिरवला. मग काठवट उचलली. एरवी ती घरातली पोरं किंवा सुना नेतात. ते स्वतः घेऊन निघाले, उतारावरून, हळूहळू. आम्ही दोघी दारातून बघत होतो. मला मनात वाटत होतं, पडले म्हणजे सगळंच संपलं. पडले नाहीत.

ते गेल्यावर जुहरनं घरच्यांसाठी बाजूला काढलेलं थाळीत घेतलं. मलाही दिलं. ती पहिला घास घेऊन थांबली.

"कोण पाहुणा यायचा होता?"

"का गं?"

"हे पाहुण्याचं आहे, मावशी."

ती खात राहिली. चांगलं झालं होतं. दाणा न दाणा सुटा, मऊ. तिनं सगळं खाल्लं, पण ज्यासाठी खात होती ते त्यात नव्हतं. तिची थाळी रिकामी झाली आणि तोंड तसंच राहिलं.

दादा परत आले ते रिकामी काठवट घेऊन. कान लाल झाले होते. "पुसून खाल्लं. चावडीवर बलायद म्हणाला, लग्नातल्या जेवणाची आठवण झाली. विचार तुझ्या नवऱ्याला." मग जुहरकडे पाहून म्हणाले, "बोल आता."

"चांगलं झालंय, बाबा."

"पण?"

"पण काही नाही."

"तुझ्या आईसारखं झालंय की नाही ते सांग."

जुहर दमलेली होती. दमलेल्या माणसाला खोटं बोलायलाही बळ लागतं. ती म्हणाली, "बाबा, असं आम्ही वर्षातून एकदाच खायचो. तुम्ही आलात की. आई मडकं उघडायची आणि आम्हाला कळायचं, बाबा आले. तुम्ही गेलात की मडकं बंद."

"मग बाकीचं वर्ष?"

"जवाचं. त्यात भाजी वाफवायची, जी असेल ती. वसंतात बाकल्याच्या हिरव्या, घेवड्यासारख्या जाड शेंगा. वरून कच्चं ऑलिव्हचं तेल आणि सोबत ताक."

"मी पैसे पाठवत होतो."

"त्या पैशांच्या या भिंती झाल्या. कुणी उपाशी नव्हतं, बाबा. मी तक्रार करत नाहीये. आमच्या घरी जेवण म्हणजे तेच होतं."

दादा माझ्याकडे वळले. "आणि मी कायमचा आल्यावर?"

"तुमचं गव्हाचं, तिचं जवाचं," मी म्हटलं. "एकाच पातेल्यावर, एकानंतर एक. तिला आवडायचं ते, दादा. मलाही आवडतं. गव्हाचं आम्ही दुसऱ्यांसाठी करतो."

"मला वाटायचं, तिला आत बसून जेवायला बरं वाटतं."

खालून चावडीवरचा आवाज येत होता, माणसं हसत होती. दादा ओट्यावर बॅगेशेजारी बसले. त्यांचा हात बॅगेच्या पट्ट्यावर होता, आणि मला वाटलं, आता हा माणूस स्वतःच उठून जाणार. काठवट चावडीवर गेली, शब्द पाळला, आणि तरीही जाणार. ज्या घराची चव आपल्याला माहीत नाही त्यात कशाला राहायचं, असं काहीतरी त्यांच्या डोक्यात चाललं असावं. जुहरलाही ते दिसलं. ती त्यांना न्यायलाच आली होती. गप्प राहिली असती तर काम झालं असतं.

तिनं कोट काढून खिळ्याला अडकवला.

"मावशी, जव आहे तुझ्याकडे?"

"वळलेलं आहे. थोडं."

"मला फक्त आठवतं कसं लागायचं ते. करायला मला येत नाही. बाबा, तुम्हाला वाफवता येतं. उठा."

मी घरून जव आणलं. चढावर दोनदा थांबले. येईपर्यंत जुहरनं परसातल्या शेंगा तोडल्या होत्या. शाभानं थंडीआधी पेरलेल्या त्या, आपल्या आपण वाढल्या होत्या. बापलेक सालं न काढता तुकडे करत बसले होते. दादा म्हणाले, "पाणी गव्हापेक्षा जास्त?" मी म्हटलं, "जास्त. जव हट्टी असतं." त्यांनी विचारलं नाही किती. शिंपडलं, चोळलं, थांबले, परत शिंपडलं. चिंधी गुंडाळली. शेंगा वेगळ्या वाफवून दाण्यांत मिसळल्या. जुहर दाराच्या चौकटीला टेकून बसली आणि बसल्या बसल्या तिला डोळा लागला. आम्ही तिला उठवलं नाही.

वाफेचा वास बदलला. ओल्या मातीसारखा, जरा कडवट. मी तो वास ओळखला आणि जुहरही झोपेतून उठली.

दादांनी तेल सोडलं, कालवलं, तिघांना वाढलं. पहिला घास घेतला आणि त्यांचं तोंड वाकडं झालं.

"घशाला लागतं."

"ताक घ्या," जुहर म्हणाली. "ताकाशिवाय उतरत नाही ते."

ते ताक प्याले. परत घास घेतला. चावत राहिले. जव फार चावावं लागतं. "हे तुला आवडायचं?"

"नाही. पण अल्जीयर्सला मिळत नाही."

"मीठ बरोबर आहे?"

"बरोबर आहे."

"तुझ्या आईचं असंच असायचं?"

जुहरनं आणखी एक घास चावून पाहिला. "साधारण," ती म्हणाली. "शेंगा ती जरा आधी उतरवायची."

दादांना ते आवडलं नाही हे स्पष्ट दिसत होतं, पण त्यांनी वाटी संपवली आणि परत थोडं घेतलं. खाली गाडीचा भोंगा वाजला. जुहर उठली, फळीवरून झाकणाचा डबा काढला, पातेल्यात उरलेलं जवाचं त्यात भरलं, दाबून, म्हणजे चुकीचं. दादा म्हणाले, "दाबू नको, गुठळ्या होतील." तिनं डबा परत सैल भरला. कोट घातला. बॅगेजवळून गेली, पण तिला हात लावला नाही.

दारात वळून म्हणाली, "बाबा, पुढच्या वेळी शेंगा आधी उतरवा."

"आधी म्हणजे किती?"

"ते मला काय माहीत. मावशीला विचारा."

ती उतारावरून गेली, डबा दोन्ही हातांत धरून. गाडी निघाल्याचा आवाज आला. दादा थोडा वेळ दारात उभे राहिले, मग आत येऊन त्यांनी वाट्या गोळा केल्या, काठवट घेतली, पाणी ओतलं आणि घासायला बसले. मी उठले नाही. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्यापुढची खरकटी वाटी उचलून नेली होती, आणि मला उठवतही नव्हतं. भिंतीला टेकून मी तशीच बसून राहिले.